विषबाधेनंतरची पोटदुखी : कीटकनाशके आणि स्वादुपिंड

पिकांवरील किडी मारण्यासाठी जी द्रव्ये वापरली जातात त्यांना खेड्यापाड्यांतून सर्रास ‘औषध’ असे म्हणतात. पिकाच्या दृष्टीने ते औषध असले तरी माणसाच्या व जनावरांच्या दृष्टीने ते विषच होय. या विषाने माणसाचा श्वास कोंडतो, तोंडाला फेस येतो व प्रसंगी प्राण जातो, हे आता बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. परंतु याच विषाचा आघात पोटातील स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीवरही होतो, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

विषबाधा झालेला माणूस शुद्धीवर आला, त्याचा श्वास नीट चालू लागला, म्हणजे नातलगांचा जीव भांड्यात पडतो. हंगाम ऐन भरात असतो, घरी गुरे बांधलेली असतात. त्यामुळे रुग्णास लवकर घरी नेण्याची घाई होते. अशा वेळी रुग्णाने पोट दुखत असल्याची तक्रार केली तर ‘औषधाने पोट जळाले असेल’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. ही पोटदुखी पुष्कळदा किरकोळ असते; पण काही वेळा ती स्वादुपिंडाच्या दाहाची खूण असते, आणि तिची हयगय जिवावर बेतू शकते. यास्तव या दुखण्याचे स्वरूप शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

स्वादुपिंड व त्याचे कार्य

स्वादुपिंड ही सुमारे एक वीत लांबीची, मऊ व चपटी ग्रंथी असून ती जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे आडवी असते. तिची कामे दोन. एक म्हणजे अन्न पचविणारा रस तयार करून तो नळीवाटे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात सोडणे. दुसरे म्हणजे इन्शुलिन व तत्सम द्रव्ये रक्तात सोडून रक्तातील साखर प्रमाणात ठेवणे.

या पाचक रसातील विकरे मांस, चरबी व पिठूळ पदार्थ यांचे विघटन करण्याइतकी प्रखर असतात. मग ती स्वतः स्वादुपिंडासच कशी पचवीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. निसर्गाने याची तरतूद करून ठेवली आहे. ग्रंथीत असताना यांपैकी घातक विकरे निद्रिस्त अवस्थेत असतात आणि आतड्यात पोहोचल्यावरच जागृत होतात. काही कारणाने ती ग्रंथीतच जागृत झाली तर ग्रंथी स्वतःच्याच रसाने पचू लागते, सुजते व तिच्यातून रक्तस्राव होऊ लागतो. यालाच स्वादुपिंडदाह असे म्हणतात. पित्ताशयातील खडे व मद्यपान ही या विकाराची नेहमीची कारणे होत. काही कीटकनाशकांची विषबाधा हे त्याचे आणखी एक कारण आहे.

विष नेमके काय करते

स्वादुपिंडाच्या दृष्टीने विशेष धोक्याची कीटकनाशके म्हणजे सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील होत. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, डायमेथोएट, मॅलेथिऑन, मोनोक्रोटोफॉस ही या वर्गातील काही नावे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. कार्बोफ्युरान, थायोडिकार्ब इत्यादी कार्बामेट वर्गातील औषधांची क्रिया बरीचशी अशीच असते. मात्र तिचा जोर सामान्यतः अधिक लवकर ओसरतो.

आपल्या शरीरात मज्जातंतूंकडून स्नायूंना व ग्रंथींना जो आदेश जातो, तो ॲसिटिलकोलिन नावाच्या द्रव्यामार्फत जातो. काम होताच कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्या द्रव्याचा नाश करते व आदेश थांबतो. पिकास पाणी देण्याच्या कामाशी याची तुलना करता येईल. पाटाचे पाणी वाफ्यात सोडावयाचे, वाफा भरताच बारे मोडून दुसरीकडे वळवावयाचे, हे दारे धरणाऱ्याचे काम. त्या माणसाचेच हात बांधून ठेवले तर पाणी वाहतच राहील आणि वाफे तुडुंब भरून बांध फुटतील. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील विष कोलिनेस्टरेजचे हात अशाच रीतीने बांधून टाकते. मग आदेश थांबतच नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगातून घाम व छातीत कफ यांचा पूर येतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. उलट्या व जुलाब होतात. स्नायू फडफडतात व पुढे निकामी होतात.

स्वादुपिंडावर याच क्रियेचा दुहेरी परिणाम होतो. एकीकडे ग्रंथीस रस तयार करण्याचा आदेश सतत मिळत राहिल्याने रस अतोनात निर्माण होतो. दुसरीकडे, हा रस ज्या तोंडातून आतड्यात उतरतो, त्या तोंडाभोवतीचा स्नायू आवळला जातो. पाटात पाणी वाढत आहे आणि पुढचे तोंड मात्र बुजले आहे, अशी ही स्थिती होय. नळीतील दाब वाढतो, ग्रंथीच्या पेशींना इजा होते व विकरे जागच्या जागी जागृत होऊन स्वादुपिंडाचा दाह सुरू होतो.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. कोलिनेस्टरेज रोखणाऱ्या कीटकनाशकाच्या विषबाधेत स्वादुपिंडदाह झाल्याची नोंद अमेरिकेतील शल्यवैद्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. पुढे डायझिनॉन या कीटकनाशकाचे प्रयोग कुत्र्यांवर करण्यात आले, तेव्हा स्वादुपिंडाच्या नळीतील दाब वाढून ग्रंथीस इजा होते असे आढळून आले. त्यानंतर भारतासह अनेक देशांतील डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदविले आहेत. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरील एका जातीच्या विंचवाच्या दंशानेही स्वादुपिंडदाह होतो. त्या विंचवाच्या विषानेही शरीरात ॲसिटिलकोलिनचा अतिरेक होत असल्याने, दोन्ही विकारांचे मूळ एकाच जातीचे असल्याचे दिसून येते.

ही पोटदुखी कशी ओळखावी

अडचण अशी की, विषबाधेच्या पहिल्या अवस्थेत पोटात कळा येणे, उलट्या व जुलाब होणे ही लक्षणे बहुतेक रुग्णांत असतातच. त्यामुळे स्वादुपिंडाचे दुखणे त्यांत झाकून जाते. जो रुग्ण बेशुद्ध आहे किंवा कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर आहे, तो तर कोठे दुखते हे सांगूही शकत नाही. यास्तव विषाची इतर लक्षणे ओसरू लागल्यावर पोटाकडे मुद्दाम लक्ष देणे जरूर असते. पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

(१) बेंबीच्या वर, पोटाच्या मध्यभागी किंवा डाव्या अंगास सतत व तीव्र वेदना होणे. ती वेदना पाठीत भिनल्यासारखी वाटणे.

(२) उताणे निजल्यास दुखणे वाढणे व पुढे वाकून बसल्यास किंचित आराम वाटणे.

(३) वारंवार उलट्या होणे, पण उलटी होऊनही पोटाची कळ न थांबणे.

(४) पोट फुगणे व हात लावताच दुखणे.

(५) ताप येणे, नाडी जलद चालणे, लघवी कमी होणे.

(६) खूप तहान लागून लघवीस वारंवार होणे. कारण या विषबाधेत रक्तातील साखर काही काळ वाढू शकते, आणि स्वादुपिंडास इजा झाली असल्यास ती अधिक वाढते.

यांपैकी कोणतीही खूण आढळल्यास ती ताबडतोब डॉक्टरांच्या कानी घालावी. सर्वच रुग्णांत सर्व खुणा दिसतात असे नाही. काही रुग्णांत तर वेदना अगदी थोडी असते व तपासणीतच विकार उघडकीस येतो.

तपासणी व उपचार

या विकाराचे निदान रक्तातील अमायलेज व लायपेज या दोन विकरांच्या तपासणीने होते. यांचे प्रमाण नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक आढळल्यास स्वादुपिंडदाहाचा संशय बळावतो. यात एक बारकावा आहे. अमायलेज हे लाळेच्या ग्रंथींतूनही येते, आणि या विषबाधेत लाळग्रंथीही चेकाळलेल्या असतात. म्हणून केवळ अमायलेज वाढले यावरून निष्कर्ष काढता येत नाही; लायपेजची तपासणी अधिक विश्वसनीय ठरते. जरूर पडल्यास सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून ग्रंथीची सूज पाहतात.

मूळ विषावरील उपचार ॲट्रोपिन या औषधाने होतो. छातीतील कफ व इतर स्राव आटोक्यात येईपर्यंत ते वारंवार द्यावे लागते. काही रुग्णांना प्रालिडॉक्झिमही देतात. स्वादुपिंडासाठी शिरेतून पुरेसे द्रव देणे, वेदना शमविणे, पोटास विश्रांती देऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार हळूहळू सुरू करणे आणि साखर, लघवी व श्वास यांवर लक्ष ठेवणे, असा उपचार असतो. वेळीच निदान झाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. थोड्या रुग्णांत मात्र ग्रंथीचा भाग कुजतो, मूत्रपिंडे व फुप्फुसे यांवर ताण येतो व प्राणास धोका निर्माण होतो. काहींच्या पोटात तीन-चार आठवड्यांनी ग्रंथीजवळ पाण्याची गाठ तयार होते.

येथे आणखी एक सूचना आवश्यक आहे. ॲट्रोपिन हा सर्वच कीटकनाशकांवरचा उतारा नव्हे. सायपरमेथ्रीनसारख्या औषधांची क्रिया निराळी आहे, आणि पॅराक्वाट या तणनाशकावर तर खात्रीचा उताराच नाही. बाजारातील कित्येक औषधे दोन द्रव्यांची मिश्रणे असतात. यास्तव रुग्णाबरोबर औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी व माहितीपत्रक दवाखान्यात नेणे हे निम्म्या उपचाराइतके मोलाचे आहे. ‘कपाशीवरचे औषध होते’ एवढ्या सांगण्याने डॉक्टरांस काहीच बोध होत नाही.

गावात तातडीने करावयाची कामे

बाधित माणसास प्रथम शेतातून बाहेर, मोकळ्या हवेत आणावे. विषाने भिजलेले कपडे काढून टाकावेत व सर्व अंग, केस व नखे साबण आणि भरपूर पाणी यांनी निदान पंधरा मिनिटे धुवावीत. डोळ्यांत औषध गेले असल्यास ते स्वच्छ पाण्याने तितकाच वेळ धुवावेत. हे काम करणाऱ्याने स्वतःच्या हातांत रबरी मोजे घालावेत; नाहीतर एकाचे दोन रुग्ण व्हावयाचे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नेताना रुग्णास डाव्या कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही.

मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करविण्याची जुनी पद्धत घातक आहे. उलटीतील विष फुप्फुसात शिरण्याचा धोका त्यात असतो. विष उतरविण्यासाठी दूध, तूप किंवा तेल पाजण्याचा प्रघातही सोडून द्यावा. या वर्गातील अनेक विषे स्निग्ध पदार्थांत विरघळणारी आहेत, शिवाय अर्धवट शुद्धीतील माणसास काहीही पाजले तरी ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ‘अंगात ताकद यावी’ म्हणून दारू पाजणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे. कारण मद्य हे स्वतःच स्वादुपिंडाचे शत्रू आहे.

कार्यकर्त्याने एका कागदावर पुढील गोष्टी लिहून रुग्णाबरोबर द्याव्यात : औषधाचे नाव, ते अंगावर उडाले, श्वासावाटे गेले की पोटात गेले, किती वाजता, पहिले लक्षण केव्हा दिसले, घरी कोणता उपचार केला, रुग्णास मधुमेह, पित्ताचे खडे किंवा मद्यपानाची सवय आहे काय. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मिळतो. गावातील डॉक्टरांना त्याची माहिती द्यावी.

माहिती लपविण्याचे दुष्परिणाम

काही वेळा विष अपघाताने नव्हे, तर जिवास कंटाळून घेतलेले असते. अशा प्रसंगी पोलिसांच्या धाकाने किंवा लोकलज्जेस्तव घरची माणसे ‘फवारताना उडाले’ असे सांगतात. पोटात गेलेले विष अंगावर उडालेल्या विषापेक्षा बहुधा पुष्कळ अधिक प्रमाणात असते व स्वादुपिंडासही त्याचा धोका अधिक असतो. खरी गोष्ट कळली नाही तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यान्वये अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे सामान्यतः गृहीत धरले जाते, तिला शिक्षा करावयाची नसते, तर तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर असते. ही गोष्ट कार्यकर्त्यांनी घरोघर समजावून सांगितली तर डॉक्टरांपुढे खरे सांगण्याचे भय कमी होईल. रुग्ण घरी परतल्यावर त्याला बोल न लावता धीर द्यावा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्यासंबंधी सल्ला मिळतो.

घरी परतल्यावर

रुग्ण दवाखान्यातून सुटला म्हणजे विषाचा अंमल संपला असे समजू नये. पहिल्या एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे, श्वास अपुरा पडणे असा दुसरा हल्ला होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या संमतीवाचून रुग्णास घरी आणूच नये. दोन-तीन आठवड्यांनी हातापायांस मुंग्या किंवा अशक्तपणा येऊ शकतो. स्वादुपिंडाच्या दृष्टीने निदान महिनाभर पोटाकडे लक्ष ठेवावे. या काळात मद्य पूर्ण वर्ज्य करावे, आहार हलका व कमी तेलाचा ठेवावा आणि साखरेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. पोटात वरच्या अंगास गोळा लागणे, जेवताच पोट भरल्यासारखे वाटणे, पुन्हा उलट्या किंवा ताप येणे, यांपैकी काही झाल्यास थेट दवाखाना गाठावा. फवारणीचे काम तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत हाती घेऊ नये. पहिल्या विषबाधेत खालावलेले कोलिनेस्टरेज भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात, व तेवढ्या काळात थोडेसे विषही पुन्हा भोवते. गावातील आशा कार्यकर्तीस अशा रुग्णाची माहिती अवश्य द्यावी, म्हणजे तिच्या फेरीत त्याची विचारपूस होईल.

मूळ उपाय : विषापासून बचाव

१९५८ साली केरळात पॅराथिऑन हे सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील विष वाहतुकीत गव्हाच्या पिठात मिसळले व शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून देशात १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या भोजनात मोनोक्रोटोफॉस गेल्याने २३ मुले मृत्यू पावली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली व किमान वीस जणांना प्राणास मुकावे लागले. त्या वर्षी कपाशी पुष्कळ ठिकाणी माणसाच्या उंचीइतकी वाढली होती, व औषधाचा फवारा तोंडावर व छातीवर येत होता.

या घटनांतून घ्यावयाचे धडे साधेच आहेत. बाटलीवरील त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम व हिरवा म्हणजे सौम्य. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असा अर्थ मात्र करू नये. शिफारस नसलेली औषधे एकत्र मिसळू नयेत. अंगभर कपडे, रबरी मोजे, चष्मा, योग्य मुखपट व बूट वापरावेत. मजुराकडून फवारणी करवून घ्यावयाची असेल तर ही साधने पुरविण्याची जबाबदारी मालकाने आपली मानावी. वाऱ्याच्या विरुद्ध व भर उन्हात फवारू नये. डोक्याइतक्या उंच पिकात शिरून फवारणी टाळावी. फवारणी चालू असताना तंबाखू, विडी किंवा भाकरी यांस हात लावू नये; काम संपताच साबणाने स्नान करावे. रिकाम्या डब्यांत तेल, पाणी किंवा धान्य कधीही भरू नये व औषध शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये.

डायझिनॉन व मिथाइल पॅराथिऑन यांवर २०१८ च्या आदेशाने तत्काळ बंदी आली. फोरेट, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन व ट्रायझोफॉस ही त्याच आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. तथापि अशा औषधांचा जुना साठा कोठे माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोनाड्यात पडून असण्याचा संभव आहे. कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी घरोघर विचारपूस करावी आणि असा साठा आढळल्यास, तो विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू न देता, त्याच्या विल्हेवाटीसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. चालू वापरातील औषधेही मुलांच्या हाती न लागतील अशी, कुलपात ठेवावीत.

कीड आटोक्यात आणणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आहे, पण त्यासाठी अंगास विष लावून घेणे हे कर्तव्य नव्हे. आणि दुर्दैवाने विषबाधा झालीच, तर रुग्णाचा श्वास परत आला एवढ्यावर समाधान न मानता, त्याचे पोट दुखते काय हा प्रश्न पुढील काही दिवस न चुकता विचारावा. उत्तर ‘होय’ असे आले तर लायपेजची तपासणी करून घेण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरण्यास संकोच करू नये.